बाळाच्या शेजारची गाठ

नगरजवळच्या केडगावातल्या एखाद्या घरी तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत सुनेच्या ‘अंडाशयावर गाठ’ निघाली, की पहिली भीती कॅन्सरची. खरं तर गरोदरपणी सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच असतात. बऱ्याचदा ती ‘कॉर्पस ल्युटियम’ असते. सुरुवातीचे ८-१० आठवडे गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तीच बनवते आणि सहसा सोळाव्या आठवड्यापर्यंत विरून जाते. ती घाईने काढणं म्हणजे गर्भाचा आधारच काढणं!

टिकते, वाढते ती डर्मॉइडसारखी गाठ. तिच्यात चरबी, केस, कधी दातही सापडतात. ‘सीए-१२५’ या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीच्या वाढलेल्या आकड्याने मात्र घाबरू नये, गरोदरपणात तो एरवीही वाढतो.

खरा धोका पिळाचा. मोठी गाठ देठाशी पिळली की रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ, उलट्या. अशा वेळी रात्र असली तरी थेट नगरचं रुग्णालय गाठा. घाई नसेल, तर शस्त्रक्रिया साधारण १४ ते २० आठवड्यांदरम्यान करतात. तोवर संप्रेरकाचं काम वारेने उचललेलं असतं आणि गर्भाशयही फार वाढलेलं नसतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी मोफत होते. सासूबाईंनी सुनेला सोबत घेऊन जावं, जुने रिपोर्ट विसरू नयेत.