निद्रानाश : औषध लिहिण्यापूर्वी

"झोप लागत नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास सर्पगंधायुक्त वटी लिहून द्यावी आणि रात्री जायफळ घातलेले दूध सांगावे, हा आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयातील परिपाठ आहे. या योजनेस हरकत नाही; परंतु निद्रानाशाचा हेतू बहुधा रुग्णाच्या दिनक्रमात दडलेला असतो, आणि तो दिनक्रम विचारण्यास लागणारी दहा मिनिटे आपण क्वचितच देतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. अतिनिद्रा हटविण्यासाठी सांगितलेले उपाय, म्हणजे भय, चिंता, क्रोध, उपवास, असुखकर शय्या इत्यादी, हेच तेथे निद्रानाशाचे हेतू म्हणून गणले आहेत. चिकित्सेत अभ्यंग, उद्वर्तन, स्नान, दूध-तुपासह आहार, संवाहन, नेत्रतर्पण, मनास रुचणारे गंध व शब्द, सुखद शय्या आणि योग्य काळ यांचा उल्लेख येतो. वनौषधींचा एखादा स्वतंत्र योग या यादीत नाही, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

आधुनिक वैद्यकही आज याच दिशेने आले आहे. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये मांडलेले नियम साधे आहेत : पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे, झोप न लागल्यास उठावे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये प्रौढांच्या जीर्ण निद्रानाशात गोळ्यांच्या आधी अशी वर्तनचिकित्सा द्यावी, अशी शिफारस केली. 'उठून दुसऱ्या खोलीत जा' हा त्यातील सल्ला मात्र एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घरात कसा पाळावा? तेथे अंथरूण सोडून, मंद दिव्यात भिंतीला टेकून बसण्यास सांगावे. हेतू तोच साधतो.

चाकणच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीत परदेशी वेळेनुसार काम करणाऱ्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. आपल्याकडील कामगार नेमके उलट करतो. पाळी सुटताच गाड्यावर मिसळ-पाव, वर कडक चहा, आणि मग भर उजेडात आडवा होतो. चहातील कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तास शरीरात राहतो, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद, भूक असल्यास केवळ पातळ पेज, खिडकीस जाड पडदा आणि झोपण्यापूर्वी तिळतेलाने पादाभ्यंग, एवढे तरी सांगावे. नित्य रात्रपाळी करणाऱ्याचे निम्म्या झोपेवर भागणार नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याने कामावर जाण्यापूर्वी आणखी एक झोप घ्यावी. जागरणाने वाढलेली रूक्षता पाहता, येथे दिवास्वापाच्या निषेधाचा आग्रह धरू नये.

आता सावधगिरीविषयी. सर्पगंधेतून 1952 मध्ये वेगळे काढलेले रेसर्पिन रक्तदाब उतरविते व विषादही वाढवू शकते. म्हणून रुग्ण रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेतो, हे आधी विचारावे. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, कशातच रस न उरणे, अशी लक्षणे असल्यास ही वनस्पती टाळावी. जीवन नकोसे वाटते का, हे थेट विचारावे व मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. घोरताना श्वास अडतो असे घरची मंडळी सांगत असतील, तर झोप आणणारे कोणतेही द्रव्य न देता तपासणी करवून घ्यावी. आणि झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यास "आता त्या बंद करा" असे एका दिवसात सांगणे धोक्याचे आहे. त्या एकाएकी सोडल्यास आकडी येऊ शकते. मात्रा क्रमाने उतरवावी, आणि तीही ज्यांनी गोळ्या लिहिल्या त्यांच्याशी बोलून.

निद्रेची नोंद ठेवण्यास वेगळी वही लागत नाही. घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटीत, रुग्णाने झोपल्याची व उठल्याची वेळ आणि शेवटचा चहा कधी घेतला ते दोन आठवडे लिहावे, व पुढील भेटीस ते पान सोबत आणावे.