चढावरची सोबत

सायकल म्हटली की आपल्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे दुधाच्या किटल्या अडकवलेली, नाहीतर कॅरिअरवर तांदळाचे पोते बांधलेली काळी सायकल उभी राहते. आमच्या घरीही तशीच होती. वडिलांनी ती अनेक वर्षे वापरली. पण चढ आला की ते खाली उतरत आणि सायकल हाताने ढकलत नेत. त्यामुळे आपला मुलगा कॉलेजात जाऊन हौसेने घाट चढतो आणि त्याला ‘सराव’ म्हणतो, याचे त्यांना नवल वाटते. “सायकलच मारायची होती तर कॉलेज कशाला?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. या खेळाची माहिती द्यावी आणि जमल्यास त्या प्रश्नाचेही थोडे उत्तर शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

डोंगरातील सायकल शर्यतींचा खेळ फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तमालपायस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने भरधाव खाली आणीत. १९७६ साली त्यांनी त्या परिसरात शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी सायकल बनवली. आणि अवघ्या वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या खेळाला स्थान मिळाले.

आता आपल्या परिसराकडे वळू. सावित्रीकाठचे महाड समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. तेथून सतरा-अठरा किलोमीटरवर पोलादपूर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात जवळजवळ १,३०० मीटर चढायचे! दक्षिणेला खेडकडे जाणारा कशेडी, महाडहून भोरकडे जाणारा वरंधा, आणि रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला नेणारा रस्ता आहेच. शिवाय वाड्यावाड्यांना जाणाऱ्या लाल मातीच्या कच्च्या वाटा. शहरातील खेळाडू जे शोधत गाड्या भरून येतात, ते आपल्या अंगणात आहे.

हा चढ शरीराला किती महाग पडतो, त्याचा हिशेब शाळेतील विज्ञानावर करता येतो. सायकलस्वार ६० किलोचा आणि सायकल १५ किलोची धरू. ७५ किलो वजन १,३०० मीटर उचलायला सुमारे २३० किलोकॅलरी ऊर्जा लागते. परंतु आपले स्नायू उधळे आहेत. खर्ची पडलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे खरा खर्च हजार किलोकॅलरीच्या घरात. तांदळाच्या चार-पाच भाकऱ्या झाल्या! म्हणून आम्ही भूक लागण्याची वाट पाहत नाही. दर अर्ध्या तासाने गूळ-शेंगदाणे किंवा केळे, आणि अधूनमधून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. भूक जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. पायांत पेटके येऊ लागतात.

या खेळात सोबत्याचा उपयोग काय, असे पुष्कळांना वाटते. ज्याचे त्याचे पाय, ज्याची त्याची सायकल! पण सोबतीचे प्रकार आहेत. पहिला प्रकार सपाट रस्त्यावरचा. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले तर मागच्याचे पाव हिश्श्याहून अधिक श्रम वाचू शकतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत संघ हीच युक्ती वापरतात आणि आपला चांगला चढणारा गडी ताजातवाना राखून बोरघाटाच्या पायथ्याशी आणतात. तेथे मात्र ‘घाटाचा राजा’ हा किताब त्याला स्वतःच्या पायांवरच मिळवावा लागतो. कारण चढावर वेग ताशी आठ-दहावर येतो, वाऱ्याचा अडथळा नाममात्र उरतो, आणि वजन ज्याचे त्याने वाहायचे असते.

दुसरा प्रकार पाळीपाळीचा. ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. मुदत नऊ दिवसांची होती. एक चालवतो, तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. येथे सोबती म्हणजे आपल्या झोपेचा राखणदारच!

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून ‘केप एपिक’ ही आठ दिवसांची डोंगरी शर्यत होते. दोघांची जोडी. दोघांनीही सगळे अंतर तोडायचे, आणि वाटेतील तपासणी नाक्यांवर व शेवटी दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. एकाने शर्यत सोडली, तर दुसऱ्याला पुढे जाऊ देतात. पण जोडी निकालातून बाद होते. म्हणजे बलवानाच्या बळाचे मोल दुबळ्या जोडीदाराइतकेच!

आमच्या चौघांच्या संघाला हा तिसरा प्रकार चांगलाच समजला. आमच्यातला एक महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. रात्रपाळी करून सकाळी तो सरावाला येई, आणि साहजिकच मागे पडे. आम्ही तिघे पुढे जाऊन वळणावर त्याची वाट पाहत बसायचो. आपण त्याला सांभाळून घेतो आहोत, असेच आम्हां सर्वांना वाटे. आमच्या सरावाला कधी कधी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी एक दिवस घड्याळ लावून हे पाहिले आणि वहीत मांडून दाखवले. पुढचे तिघे दहा मिनिटे बसतात, पाणी पितात, खातात. मागचा धापा टाकीत येऊन पोहोचतो, आणि तो येताच “चला” म्हणून सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो. काहींनी आम्हांला “त्याच्या जागी दुसरा घ्या” असे सुचवले होते. वहीतला हिशेब पाहिल्यावर तो विषय निघाला नाही.

वर्गातही असेच घडत असावे, असे मला तेव्हापासून वाटते. ज्याच्या घरी आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसते, तो विद्यार्थी धडपडत धड्याच्या शेवटाशी येतो. तेवढ्यात वर्ग पुढच्या धड्याला निघालेला असतो.

त्यानंतर आम्ही सरावाचे चार नियम केले. पहिला, चढावर सर्वांत सावकाश चालणारा पुढे; वेग तो ठरवील. दुसरा, गप्पा मारता आल्या पाहिजेत. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येईना, की वेग जास्त झाला असे समजावे. लांबच्या चढाला हाच वेग शेवटपर्यंत टिकतो. तिसरा, थांबलो तर शेवटचा आल्यानंतर पाच मिनिटे मोजायची. चौथा, ज्याच्यात ताकद उरली असेल त्याने ओझे घ्यायचे. पाण्याच्या बाटल्या, पंप, जादा ट्यूब, पाने, सगळे त्याच्या पाठीवर. चढावर दुसऱ्याचे शरीर वाहता येत नाही, पण त्याची दोन किलोची पिशवी वाहता येते.

उताराचे नियम निराळे. तेथे एकमेकांना चिकटून राहणे धोक्याचे. दोन सायकलींत निदान दहा सायकलींचे अंतर हवे. ब्रेक सतत दाबून धरू नये. रिम तापते, ब्रेकची पकड सुटू लागते, रिपॅकच्या हबसारखेच. वळणाआधी दाबावा, वळणात सोडावा. कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवली तर मातीची पकड चांगली मिळते. हेल्मेटशिवाय कोणी उतरायचे नाही. आणि पावसाळ्यात घाट बंद! २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, आंबेनळीचा रस्ता तुटला. हे ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगणे नको. त्या चार महिन्यांत आम्ही घरीच बैठका आणि दोरीवरच्या उड्या यांवर भागवतो.

नव्या पद्धतीने पहिल्याच महिन्यात फरक दिसला असे नाही. पुढचे दोघे चुळबुळत. हळू चालवणे त्यांना जिवावर येई. पण तीन महिन्यांनी महाबळेश्वरला चौघेही पोहोचण्याचा आमचा वेळ पाऊण तासाने कमी झाला. गेल्या हिवाळ्यात एका सांघिक शर्यतीत आम्ही उतरलो. तेथे संघातील शेवटचा गडी रेषा ओलांडील तीच संघाची वेळ. आमचा क्रमांक वरचा आला नाही. परंतु आमच्या पहिल्या आणि शेवटच्या गड्यांत फक्त चाळीस सेकंदांचे अंतर होते. काही संघांत ते अर्ध्या तासाचे होते. त्यांतील पहिले गडी आमच्यापेक्षा कितीतरी जलद होते, हेही सांगितले पाहिजे.

या खेळाला पैसा लागतो, हे खरे. गिअरची बरी सायकल आमच्यासारख्यांना सहज परवडत नाही. चौघांत दोन सायकली मागून आणलेल्या आहेत. जिमखान्याने निदान चार हेल्मेटे, एक चांगला पंप आणि पाने-हत्यारांची एक पेटी घेतली, तर पुष्कळ विद्यार्थी पुढे येतील. महामार्गापेक्षा वाडीच्या कच्च्या वाटा सरावाला सुरक्षितही आहेत.

पावसाळा संपल्यापासून दर रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही पोलादपूरच्या एस. टी. स्थानकाजवळ जमतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. आपल्याला दम लवकर लागतो, असा संकोच कोणी धरू नये. त्याची जागा आम्ही सर्वांत पुढे ठेवलेली आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष (कला)