उलव्याचा किनारा टिपताना

कोळसा नाही, मीठ आणि दगड : कोकण किनाऱ्यावर कोळशाच्या खाणी नाहीत, राज्यातला कोळसा विदर्भात, मुख्यतः वर्धा खोऱ्यात. उलवे ज्यात येते त्या पनवेल-उरण पट्ट्यात मागे पडलेले उद्योग म्हणजे मिठागरे आणि दगडखाणी.

मिठागर : भरतीचे पाणी बांधात अडवून उन्हावर आटवायची जागा. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत दाट केले जाते. मीठ धरते ते शेवटच्या वाफ्यात. हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो. खाजण वेगळे : ती भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारी, चिखलाची जमीन.

काय शोधावे : सोडलेल्या मिठागरात बांधांची चौकोनी आखणी. ओहोटीला, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती सर्वांत ठळक दिसते. फुटलेल्या बांधावर भेगाळलेला चिखल, भेगांच्या कडेला पांढरा खार, मध्येच उगवलेली तिवरे : हे जवळून टिपावे.

टेकडी : सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी नवी मुंबई विमानतळासाठी फोडून सपाट केली. उलवे नदीचा प्रवाहही वळवला. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. टेकडी आता उरली नाही, म्हणूनच तिचे जुने फोटो मोलाचे.

ड्रोन : विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय उडवता येत नाही (ड्रोन नियम, २०२१).

जगात असा बंद पडलेला उद्योग : जपानचे हाशिमा बेट. समुद्राखालची कोळसा खाण १९७४ मध्ये बंद. २०१५ पासून जागतिक वारसा यादीत.