एका दिवसाची मुंबई

मुंबईत ज्याचे घर जरा मध्यवर्ती ठिकाणी आहे, त्याला पोटापाण्याच्या उद्योगाखेरीज आणखी एक उद्योग असतो. तो म्हणजे गावाकडच्या माणसांना मुंबई दाखवण्याचा. हा उद्योग बिनपगारी असतो, त्यातून निवृत्ती मिळत नाही आणि दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की त्याचा हंगाम सुरू होतो. आमचे घर दादरला. म्हणजे कोकणातली गाडी पहाटे जिथे माणसे उतरवते, तिथून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे गेली तीसेक वर्षे मी हा उद्योग इमानेइतबारे करीत आलो आहे.

पूर्वी पाहुणे आठवडाभर राहत. आता त्यांनाही वेळ नसतो. "दोन दिवस तरी राहा" म्हटले, तर उत्तर येते, "नको, रात्रीच्या गाडीची तिकिटे काढलीत." म्हणजे पहाटेची गाडी आणि रात्रीची गाडी यांच्यामध्ये सापडलेला एकच दिवस. आणि हातात यादी! राणीची बाग, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, गेटवे, जुहू आणि २००९ साली झाल्यापासून वांद्रे-वरळीचा सागरी सेतू. ही सगळी ठिकाणे एका दिवसात बसमधून 'होतात', यात शंका नाही. मुंबई दर्शनाच्या गाड्या ती रोज करतात. पण संध्याकाळी त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे कधी पाहिलेत? हिशेब पुरा झाल्याचे समाधान त्यांवर असते. आनंद असतोच असे नाही.

मग एका दिवसात मुंबई बघावी तरी कशी? माझ्या अनुभवाने सांगतो. आधी मुंबईचा आकार नीट लक्षात घ्यावा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून जोडली गेली आणि हे शहर झाले. त्यामुळे मूळ शहर रुंदीला अगदीच बेताचे आहे. त्याला आहे ती लांबीच. रस्ते आणि रेल्वे धावतात त्या उत्तर-दक्षिण. एकदा दक्षिणेला गेलेला माणूस "आता जुहू बघू या" म्हणून उत्तरेला आणि तिथून पुन्हा दक्षिणेला निघाला, की दिवस संपला म्हणून समजावे. तेव्हा पहिला नियम असा : दिवसभर एकाच दिशेने सरकत राहावे, मागे फिरू नये.

दुसरी गोष्ट वाराची. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीची बाग. रविवारी सगळे उघडे असते खरे, पण त्याच दिवशी दुरुस्तीसाठी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि लोकल गाड्या उशिरा धावतात किंवा रद्द होतात. घारापुरीला जायचे तर गेटवेहून लाँचने तासभर जायला, तासभर यायला आणि मध्ये पायऱ्यांची चढण, असा अर्धा दिवस बाजूला ठेवावा लागतो. ती त्रिमूर्ती पाहण्यासाठी तेवढा वेळ द्यावाच, पण मग बाकीच्या यादीवर काट मारावी. हाजी अलीचेही तसेच. भरतीच्या वेळी तिथला रस्ता पाण्याखाली जातो. समुद्र आपल्या गाडीचे वेळापत्रक बघत नाही!

तिसरी गोष्ट गर्दीची. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ती परत येते. या दोन्ही वेळी लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन लोकलमध्ये शिरणे हे धाडस आहे, पर्यटन नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली आहे. तिच्यामुळे दादर, सिद्धिविनायक, चर्चगेट, हुतात्मा चौक ही ठिकाणे एका धाग्यात आली, ही पाहुण्यांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. तरीही गर्दीची वेळ टाळलेली बरी.

हे सगळे झाले नकाशाचे आणि घड्याळाचे. पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. कोणाला काय बघायचे आहे? आमच्या घरी याला एक ठरलेली पद्धत आहे. येणाऱ्या प्रत्येकाने एकच इच्छा सांगायची. दोन नाहीत, एकच. लहान मुलांनीही सांगायची आणि यजमानानेही. त्या इच्छा कागदावर मांडायच्या आणि त्यांतून रस्ता काढायचा. उरलेला वेळ रिकामा ठेवायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीकडून माझी आत्या आली. बरोबर तिचा मुलगा, सून, बारा वर्षांचा नातू आणि आठ वर्षांची नात. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. आतोबा वीस वर्षे मुंबईत गिरणीत होते, पण आत्या मात्र आयुष्यात पहिल्यांदाच मुंबईला येत होती. शेती, गुरे, सासू आणि मुले सांभाळायला कोणीतरी गावी राहायला हवे होते, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे ती होती. कोकणातल्या हजारो बायकांची हीच गोष्ट आहे.

आठ दिवस आधी फोनवर मी इच्छा विचारल्या. नातवाला दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसायचे होते. जुन्या, डिझेलवरच्या दुमजली बस २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या, पण विजेवर चालणाऱ्या नव्या आल्या आहेत, म्हणून त्याची सोय झाली. नातीला बोटीत बसायचे होते. भावाला वानखेडे स्टेडियम बघायचे होते, निदान बाहेरून तरी. २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाचा अंतिम सामना त्याने गावात शेजाऱ्याच्या टीव्हीवर बघितला होता. वहिनी म्हणाल्या, "मला कुठेतरी निवांत बसायचे आहे. तासभर कोणी 'ऊठ' म्हणता कामा नये, एवढेच." ही इच्छा मी ठळक अक्षरात लिहून घेतली.

आत्या म्हणाली, "माका बाकी काय एक नको, झिला. ह्यांची चाळ खंय होती, ती तेवडी दाखय."

आणि तिने फोनवर पत्ता म्हणून दाखवला. खोलीचा नंबर, मजला, चाळीचे नाव, काळाचौकी, मुंबई. एखादे स्तोत्र म्हणावे तसा, न अडखळता. वीस वर्षे दर महिन्याला शाळेच्या मास्तरांकडून तिने हाच पत्ता पत्रावर लिहून घेतला होता. गिरणगाव आता कोणत्याही पर्यटनाच्या यादीत नसते. १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे लालबाग, परळ, भायखळा, वरळीचा सारा भाग भोंग्यावर उठला आणि भोंग्यावर झोपला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप मिटल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि माणसे गावी परतली. आतोबाही त्यांतलेच.

दादरहून दक्षिणेला निघाले की लालबाग-काळाचौकी वाटेतच लागते, त्यामुळे आमचा एकाच दिशेने सरकण्याचा नियमही मोडणार नव्हता. सकाळी न्याहारी करून आठ वाजता आम्ही बसने निघालो. आजूबाजूला काचेचे मनोरे उभे राहिले आहेत. पण त्यांच्या मधून एक जुने धुराडे अजून दिसते. आत्याने ते बोटाने दाखवून विचारले, "ह्यां काय?" मी सांगितले. ती बराच वेळ वर बघत राहिली. धूर नसलेले धुराडे बघण्यासारखे काय असते, असे नातवाला वाटले असावे, पण तो गप्प राहिला.

चाळ उभी होती. तिच्या पुनर्विकासाच्या बैठका सुरू होत्या, असे खालच्या दुकानदाराने सांगितले. लाकडी जिना चढून, कठड्याला धरून, दर मजल्यावर थांबत आत्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. त्या खोलीत आता एक कुटुंब राहते. आम्ही कोण, कशाला आलो, हे सांगितल्यावर त्या घरच्या बाईंनी "आत या ना" म्हणून खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला. आतोबांच्या वेळी ती गावकऱ्यांची खोली होती. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष भाडे वाटून घेत. दिवसपाळीचे झोपायला आले की रात्रपाळीचे उठून जात. ट्रंका भिंतीशी, कपडे दोरीवर आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. मुंबईच्या पैशांवर गावची घरे उभी राहिली ती अशा खोल्यांतून.

आत्याने खोलीभर नजर फिरवली. मग हळूच म्हणाली, "येवडीशी खोली आसा, ह्यां त्यांनी कधी सांगूक नाय."

कोणीच काही बोलले नाही. ज्याने 'मुंबईवाले' आजोबा कधी पाहिलेही नव्हते, तो नातू मात्र जमिनीवर पावले टाकून खोलीची लांबी मोजू लागला. गावी जाऊन मित्रांना त्याने काय सांगितले असेल ते असो, पण आजोबांच्या मुंबईचे माप तो स्वतः घेऊन गेला.

तिथून आम्ही बसने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे ही इमारत बांधली जात होती. फ्रेडरिक स्टीव्हन्स हे तिचे वास्तुशिल्पी. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. २००४ साली टर्मिनस जागतिक वारशाच्या यादीत गेले. फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे. ते मुलांना शोधायला सांगावेत, पाच मिनिटे छान जातात. पुढे दुमजली बस. नातवाला पुढची जागा मिळाली, आणि त्याच्या शेजारची त्याच्या वडिलांनी पटकावली.

गेटवे पूर्वेला तोंड करून उभा आहे, म्हणून तो दुपारच्या आत बघावा. पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरले त्याची ही आठवण, बांधून पुरी झाली १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची फौज याच कमानीतून बाहेर पडली. मुलांना एवढा इतिहास पुरे. बंदरात छोटी फेरी मारणाऱ्या बोटी इथूनच सुटतात. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला झालेला अपघात विसरू नये. जीवरक्षक जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय मुलांना बोटीत पाऊल टाकू देऊ नये.

दुपारची वेळ सावलीत काढावी. जेवण झाले की चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे. ही माझी इच्छा होती, यजमानाच्या वाट्याची. ते सगळे बघायला दोन दिवसही अपुरे पडतील, तेव्हा एक-दोन दालने निवडावीत. तिथे बसायला जागा आहे, पाणी आहे आणि स्वच्छतागृह आहे. बेत आखणारे बहुधा पुरुष असतात, म्हणून ही शेवटची गोष्ट त्यांच्या लक्षात राहत नाही. ती बायकांना विचारून आधीच कागदावर लिहावी.

उन्हे कलली की ओव्हल मैदानावर यावे. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, आर्ट डेको धाटणीच्या इमारती. दोन काळ समोरासमोर उभे आहेत आणि मध्ये पोरे क्रिकेट खेळताहेत. २०१८ साली हा परिसरही जागतिक वारसा झाला. इथे तिकीट लागत नाही. पुढे चालत वानखेडे बाहेरून बघितले आणि सहाच्या आत आम्ही मरीन ड्राइव्हला पोचलो. हा किनारा पश्चिमेचा. म्हणजे सूर्य बुडायला समोर, आणि गर्दीच्या लोकल आपल्या पाठीमागे निघून जाईपर्यंत बसायला कठडा. वहिनींना तास नव्हे, दोन तास मिळाले. साडेआठ वाजून गेल्यावर चर्चगेटहून लोकलमध्ये सगळ्यांना बसायला जागा मिळाली.

राणीची बाग राहिली, हँगिंग गार्डन राहिले, सागरी सेतू तर दुरूनही दिसला नाही. मुले तक्रार करतील असे वाटले होते, पण त्यांची 'आपली' एकेक गोष्ट झाली होती. राहिलेल्या गोष्टींमुळे माणसे पुन्हा येतात, आणि पुन्हा यावीत हेही बेतातच धरावे.

येत्या सुट्टीत तुमच्याकडे कोणी येणार असेल, किंवा तुम्हीच कुटुंबाला घेऊन पुण्या-मुंबईला, नागपूर-हैदराबादला एक दिवस निघणार असाल, तर ठिकाणांची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारा, आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सर्वांत आधी. "आमचे काय, तुम्ही न्याल तिकडे येऊ," असे उत्तर आले, तर तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा. पुष्कळदा त्या माणसाच्या मनात एखादा पत्ता कितीतरी वर्षे पाठ असतो, आणि तो म्हणून दाखवायला कोणी सांगितलेले नसते.