जुन्या डिझेल पिकअपचे झोके : आधी हवा शोधा, मग पंप खोला

बेणे, खते, ठिबकच्या नळ्या वाहायला आपल्या भागात जुन्या डिझेल पिकअप अजून राबतात. उभ्या गाडीची रेस आपोआप वर-खाली होऊ लागली की ‘पंप गेला’ म्हणून तो खोलायची घाई होते. पुष्कळदा दुखणे असते डिझेलमध्ये शिरलेल्या हवेचे, नाहीतर कचऱ्याचे.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढले जाते. तिथे चीर पडली तर चालू गाडीत डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून नळी कोरडी दिसली तरी ती चांगली असे धरू नये.

क्रमाने तपासा. कळंब-ढोकीकडच्या धुळीने टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले काय, पाहा. फिल्टरमधले पाणी सोडा. फिल्टर जुना असेल तर बदला. मग स्वच्छ कॅनमधले डिझेल नव्या नळीने थेट फीड पंपाला द्या. हवा काढायला इंजिन बंद ठेवून फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा. फेस जाऊन सलग डिझेल आले की आवळा. विडी-काडी लांब ठेवा. गाडी चालू केल्यावर झोके थांबले, तर दोष टाकीत किंवा जुन्या नळीत.

तरीही राहिले, तर गव्हर्नर. मायको कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले. पण पंप कोणताही असो, त्याचे सील घरी तोडू नये. सेटिंग चुकली तर इंजिन बेफाम पळते. ते काम कॅलिब्रेशन मशीनवाल्या मेस्त्रीचेच.

कॉमन रेलच्या नव्या गाड्यांना ही रीत लावू नये.