निर्वाताचा दाब सांगणारी तापलेली तार

गोवराची लस ज्या कुपीतून येते, तिच्यात द्रव नसतो. तळाशी पांढऱ्या, कोरड्या, सच्छिद्र पदार्थाची एक लहानशी वडी असते आणि लस टोचण्यापूर्वी परिचारिका तीत द्रावक मिसळते. ही वडी उष्णतेने आटवलेली नसते. द्रव आधी गोठवला जातो आणि मग हवा काढून घेतलेल्या बंद कक्षात त्यातील बर्फ वितळू न देता थेट वाफ होऊन निघून जातो. कक्षातील दाब नेमका किती उरला आहे, यावर या प्रक्रियेचे यश अवलंबून असते. तो दाब सांगण्याच्या कामात केसाहून बारीक अशा एका तापलेल्या तारेचा मोठा वाटा असतो. ‘पिरानी मापक’ या नावाने ही योजना जगभरच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ओळखली जाते.

या मापकाच्या तबकडीवर दाबाचा आकडा दिसतो खरा. पण तारेला दाब कळतच नाही. तिला कळते ती फक्त आपल्यापासून निघून जाणारी उष्णता. आकडा हा त्या उष्णतेवरून काढलेला निष्कर्ष असतो. हा भेद ध्यानात न ठेवल्यास निर्वात कक्षाची काच फुटू शकते आणि ध्यानात ठेवल्यास हेच उपकरण औषध वाळल्याची खूणही सांगते.

पाऱ्याच्या पुढे

वायूचा दाब मोजण्याचा जुना मार्ग पाऱ्याचा. इ. स. १६४३ मध्ये इटलीत टॉरिचेलीच्या प्रयोगाने हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हे दिसून आले. त्याच्याच नावावरून आलेले ‘टॉर’ हे एकक म्हणजे जवळपास एक मिलिमीटर पारा. परंतु दाब एका टॉरच्या हजाराव्या भागापर्यंत उतरला, की पाऱ्याच्या दोन पातळ्यांतील फरक एक मायक्रोमीटरवर येतो. तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

हर्बर्ट मॅक्लाऊड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये यावर युक्ती काढली. विरळ वायूचा ठरावीक घनफळाचा भाग पाऱ्याने कोंडून तो पुष्कळ पटींनी दाबायचा, वाढलेला दाब मोजायचा आणि बॉइलच्या नियमाने मूळ दाब काढायचा. हे मापक अचूक होते. पण प्रत्येक मोजणीला पारा वर-खाली करावा लागे आणि दोन मोजण्यांच्या मध्ये काय घडले ते कळत नसे. शिवाय वायूत पाण्याची वाफ असेल, तर दाबताना तिचे पाणी होऊन हिशेब चुके.

विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या दिव्यांचे कारखाने उभे राहिले. दिव्याच्या काचगोलातील हवा नीट निघाली नाही, तर आतील तार लवकर निकामी होई. त्यामुळे दाब सतत दाखवणारे साधन हवे होते. बर्लिनमध्ये सीमेन्स आणि हाल्स्के कंपनीच्या दिव्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मार्सेलो पिरानी या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ते सादर केले. दिव्यात असते तशीच बारीक तार त्याने मापकात बसवली. मात्र प्रकाश देण्याऐवजी तिच्याकडून भोवतालच्या वायूची वार्ता घेतली.

रेणूंची रांग

तापलेली तार वायूत ठेवली, की वायूचे रेणू तिच्यावर आदळतात, थोडी उष्णता उचलतात आणि दूर नेतात. मग रेणू जास्त तर उष्णता जास्त जायला हवी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात नेहमीच्या दाबाला तसे होत नाही. वायूची उष्णतावाहकता दाबावर अवलंबून नसते, हा निष्कर्ष जेम्स क्लार्क मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच गणिताने काढला होता.

विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग हातोहात घागरी पोचवीत आहे, अशी कल्पना करावी. माणसे दुप्पट केली, तर घागरी उचलणारे हात दुप्पट होतात. पण गर्दी वाढल्याने प्रत्येक जण निम्मेच अंतर चालून घागर दुसऱ्याच्या हाती देतो. घरी पोचणारे पाणी तेवढेच राहते. दाट वायूत रेणूंचे असेच होते. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरी ०.०७ मायक्रोमीटर इतकेच अंतर कापतो.

हवा काढत गेले, की हे अंतर वाढते. दाब वातावरणाच्या हजाराव्या भागावर आला, की ते ०.०७ मिलिमीटर होते आणि दहा लाखाव्या भागावर आला, की सुमारे सात सेंटिमीटर. आता रेणूला वाटेत दुसरा रेणू क्वचितच भेटतो. तारेवरून उचललेली उष्णता तो थेट समोरच्या थंड भिंतीपर्यंत नेतो. या अवस्थेत रेणू निम्मे केले, तर वायूवाटे जाणारी उष्णताही निम्मी होते. पिरानी मापकाचा आधार हाच आहे.

तार बोलते कशी?

धातूची तार तापली, की तिचा विद्युतरोध वाढतो. प्लॅटिनमच्या बाबतीत ही वाढ दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के असते. म्हणजे तारेचा रोध मोजला, की तिचे तापमान कळते. वेगळा तापमापक नको. हा रोध व्हीटस्टन सेतू या मंडलाने बारकाईने मोजता येतो. चार रोधांच्या या चौकटीत एका बाजूला मापकाची तार असते आणि समतोल किंचित ढळला, तरी मधल्या वाटेत वीज वाहू लागते.

आजच्या बहुतेक मापकांत तारेचे तापमान स्थिर राखले जाते. वायू दाट झाला, उष्णता जास्त जाऊ लागली, की मंडल तारेला तत्काळ अधिक वीज पुरवते. वायू विरळ झाला, की पुरवठा आखडता घेते. तार तेवढीच गरम ठेवण्यासाठी किती वीज खर्चावी लागली, यावरून दाब ठरवला जातो. खोलीचे तापमान बदलल्याने आकडा बिघडू नये, म्हणून भरपाई करणारा आणखी एक घटक मंडलात असतो.

तारेची उष्णता केवळ वायूवाटे जात नाही. काही भाग प्रारणाने जातो, काही तार ज्या टोकांना जोडलेली असते त्या टोकांतून झिरपतो. दाब एका टॉरच्या हजाराव्या भागाखाली उतरू लागला, की वायूचा वाटा या दोन वाटांपुढे नगण्य ठरत जातो आणि आकड्यावरचा विश्वास कमी करावा लागतो. त्याच्या दहाव्या भागाशी या पद्धतीची हद्द संपते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’सारख्या यंत्रात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहण्यासाठी याहून कितीतरी खोल निर्वात लागतो. तेवढ्या खोल निर्वातासाठी आयनीकरण मापके वापरावी लागतात.

वायू बदलला, आकडा बदलला

मापकावरील आकडे साधारणपणे नायट्रोजन गृहीत धरून आखलेले असतात. हवेत नायट्रोजनच मुख्य असल्याने हवेसाठी ते चालतात. पण प्रत्येक वायूची उष्णता वाहून नेण्याची ताकद निराळी आहे. हायड्रोजनचे रेणू हलके आणि वेगवान. ते तार झपाट्याने थंड करतात आणि कमी दाबाला मापक खऱ्याच्या सुमारे दुप्पट आकडा दाखवते. आर्गॉनचे अणू जड, मंद आणि एकेकटे असतात. नायट्रोजनच्या जोडअणूंप्रमाणे त्यांना गिरक्या घेत जास्तीची ऊर्जा नेता येत नाही. म्हणून कमी दाबाच्या पट्ट्यात आर्गॉनचा खरा दाब दिसणाऱ्या आकड्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो.

कमी दाबाला ही चूक एका गुणकाने सुधारता येते. दाब एका टॉरच्या वर गेला, की मात्र प्रकरण गंभीर होते. तेथे उष्णता आणि दाब यांचे नाते सपाट होत जाते, त्यामुळे उष्णतेतील थोडासा फरक दाबात प्रचंड दिसतो. वायूच्या अभिसरणाचा उपयोग करून वातावरणाच्या दाबापर्यंत वाचणारी काही मापके आहेत. त्यांतील एका प्रचलित प्रकारात आर्गॉनचा खरा दाब ७६० टॉर, म्हणजे पूर्ण वातावरणाइतका झाला, तरी नायट्रोजनसाठी आखलेल्या तबकडीवर केवळ २४ टॉरच्या आसपासचा आकडा दिसतो.

धातूंवर पातळ थर चढवणाऱ्या यंत्रांत आणि निर्वात भट्ट्यांत आर्गॉन नित्य वापरला जातो. काम संपल्यावर कक्ष आर्गॉनने भरून उघडायचा असेल आणि चालक या आकड्याकडे पाहत ‘अजून पुष्कळ भरायचे आहे’ म्हणून झडप उघडी ठेवील, तर आतील दाब वातावरणाच्याही वर जाईल. निर्वात कक्ष बाहेरचा दाब सोसण्यासाठी बांधलेला असतो. आतून बाहेर रेटणाऱ्या दाबाला त्याच्या काचेच्या खिडक्या दाद देतीलच असे नाही. म्हणून मापकासोबत येणाऱ्या पुस्तिकांत ही सूचना ठळकपणे दिलेली असते. जादा दाब आपोआप सोडणारी झडप आणि वायूच्या जातीवर अवलंबून नसलेले दुसरे मापक असणे, हाच यावरचा उपाय.

उणिवेचा उपयोग

हीच उणीव औषधनिर्मितीत गुण ठरते. गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण या औद्योगिक वसाहतींमुळे औषध उद्योग वाचकांच्या परिचयाचा आहे. या उद्योगात लसी, प्रतिजैविके आणि प्रथिनयुक्त औषधे टिकवण्यासाठी गोठवून वाळवण्याची प्रक्रिया वापरली जाते. कुप्या फळ्यांवर मांडून गोठवतात, दाब बहुधा एका टॉरच्या दहाव्या भागाच्या आसपास राखतात आणि बर्फाचे संप्लवन होऊ देतात. बर्फ पूर्ण गेल्यावरच फळ्यांचे तापमान चढवायचे असते. घाई केली, तर उरलेला बर्फ वितळतो, वडी खचते आणि माल वाया जातो. पण बर्फ संपला, हे बंद कक्षाबाहेरून ओळखायचे कसे?

त्यासाठी कक्षाला दोन मापके जोडतात. एक पिरानी, दुसरे धारिता मापक, ज्यात पातळ पटल दाबाने वाकते आणि ते किती वाकले हे विजेने मोजले जाते. पटलाला फक्त रेटा कळतो. रेटणारा वायू कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पिरानी मापकाला मात्र वायूची जात कळते. पाण्याची वाफ नायट्रोजनच्या सुमारे १.६ पट उष्णता नेते. कक्ष वाफेने भरलेला असताना पटल ०.१ टॉर सांगत असेल, तर तार ०.१६ टॉरच्या आसपासचा आकडा दाखवते. बर्फ सरत जातो, वाफेची जागा कक्षात सोडलेला नायट्रोजन घेतो आणि तारेचा आकडा उतरत उतरत पटलाच्या आकड्याला येऊन मिळतो. दोन आकडे जुळले, म्हणजे बर्फ सरला.

अर्थात ही खूण सगळ्या कुप्यांची मिळून असते. कोपऱ्यातील चार-दोन कुप्यांत बर्फ शिल्लक असला, तरी तिच्यात फारसा फरक दिसत नाही. म्हणून आकडे जुळल्यावरही काही काळ थांबूनच पुढचा टप्पा घेतला जातो.

तारेवर पंपातील तेलाचा किंवा पदार्थाचा थर बसला, की तिची उष्णता देण्याची रीत बदलते आणि आकडा हळूहळू सरकतो. यासाठी खोल निर्वातात शून्य आणि मोकळ्या हवेत वरचे टोक अधूनमधून तपासावे लागते, मापक प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावे लागते. देशात दाब आणि निर्वात यांची प्रमाणे नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. कारखान्यातील मापकाशेजारी दोन नोंदी ठळक असायला हव्यात: हे मापक शेवटचे कधी तपासले आणि ते कोणत्या वायूसाठी आखलेले आहे. पहिली नोंद बहुतेक ठिकाणी असते. पिरानी मापकाजवळ दुसरीही तितकीच आवश्यक आहे.