औंधात बसून पवईतला हीटर

पोलादी पट्टीजवळ निक्रोम तारेचं वेटोळं, एक छोटा पंखा आणि पट्टीचं तापमान मोजणारा संवेदक. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने घडवलेलं हे उपकरण टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. ते वेबवरून दूरच्या विद्यार्थ्यांना चालवता यावं, अशी सोय त्यांनी केली. म्हणजे खटाव तालुक्यातल्या औंधातली मुलगी वेळ राखून ठेवणार, हीटरला किती वीज आणि पंख्याला किती वेग ते सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमधून कळवणार आणि तिकडे पवईत खरीखुरी पट्टी तापणार.

केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पात आयआयटी मुंबईसोबत पुण्याचं सीओईपीही आहे. या प्रकल्पातले बरेचसे प्रयोग आभासी असतात. पडद्यावरचा लंबक सूत्राबरहुकूम झुलतो, कधी अडखळत नाही. खरी पट्टी मात्र सावकाश तापते, खोलीतल्या गारठ्याने वेगळी वागते, आकडे थरथरतात. ही थरथर पुसून आलेख सुबक दाखवायचा मोह आवरायला हवा. मागल्या वर्षीची रीडिंग जर्नलात उतरवण्याच्या आपल्या थोर परंपरेवर ती थरथरच बरा उतारा आहे.

खरा पेच रेंजचा. हीटर पूर्ण जोरात असताना रेंज गेली तर? सगळी भिस्त ब्राउझरवर असेल तर पट्टी तापतच राहील. म्हणून वीज तोडण्याचा अधिकार उपकरणातल्याच मायक्रोकंट्रोलरकडे असावा. ठरावीक वेळात नवी आज्ञा आली नाही किंवा तापमान मर्यादेपलीकडे गेलं, की त्याने कुणाला न विचारता हीटर बंद करावा. ज्या औंध संस्थानात 1939 साली राजाने आपणहून कारभार गावपंचायतींकडे सोपवला, तिथे हे वेगळं पटवून द्यायला नको.

पट्टी दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं प्रस्थ मात्र उगाच माजवलं जातं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका विद्यापीठाने 1994 साली वेबला जोडलेल्या यंत्रहाताने लोक लाकडी ठोकळे रचत, तेही स्थिर छायाचित्रं पाहून. रेंज कमी पडली तर आधी चित्र थांबवावं, आकडे चालू ठेवावेत.

आणि दोन विद्यार्थ्यांच्या पाळ्यांमध्ये पंखा पूर्ण वेगाने चालवून पट्टी गार करायचं काम सर्व्हरवर सोपवावं, नाहीतर पुढच्याचा प्रयोग आधीच्याच्या तापमानापासून सुरू होतो.